मायक्रॉनभाऊ आणि सातव्या नंबरचा कीपर

मायक्रॉनभाऊंना साधा प्रश्न विचारला तरी ते आधी उलट प्रश्न करायचे. "भाऊ, चिंचवड किती लांब?" म्हटलं की, "कुठून?" "भाऊ, भात किती वाढू?" म्हटलं की, "पोळ्या किती वाढल्यात त्यावर आहे." नवीन माणूस वैतागायचा. आम्हाला सवय झाली होती. "माप किती ते नंतर सांगा, कुठून धरलं ते आधी सांगा," हे त्यांचं वाक्य कासारवाडीतल्या आमच्या गल्लीत लहान पोरांनाही पाठ होतं.

भोसरीच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. आमचे हे त्याच कंपनीत प्रेसशॉपला, म्हणून मला सगळं ठाऊक. मशिनवरून तयार होऊन आलेला जॉब, म्हणजे पार्ट, भाऊंच्या टेबलावर जायचा, आणि दोन मायक्रॉन जास्त निघाला की भाऊ तो शांतपणे बाजूला ठेवायचे. ऑपरेटर आरडाओरडा करायचा, सुपरवायझर गोड बोलून बघायचा, पण भाऊंचं "परत" म्हणजे परत. एक केस उभा चिरून त्याचे साठ-सत्तर काप केले तर त्यातला एक काप म्हणजे मायक्रॉन, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस अडून बसतो म्हणून नाव पडलं मायक्रॉनभाऊ. खरं नाव रेशनकार्डावर राहिलं. त्यांनी कधी खोटा आकडा लिहिला नाही, हे त्यांच्याशी भांडणारेसुद्धा मान्य करायचे. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून घडलं, म्हणून हे लक्षात ठेवा.

माझी खानावळ होती. बार्शीकडून आलो तेव्हा चार डबे होते, मग चाळीस झाले. भाऊंची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला, त्यामुळे ते दोन्ही वेळ माझ्याकडेच जेवायचे. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी कंपन्या-कंपन्यांच्या मॅचेस व्हायच्या, चाळीस चाळीस ओव्हरच्या, मध्ये जेवणाची सुट्टी. जेवण माझं. टेम्पोतून मसालेभात, मटकीची उसळ आणि ताक घेऊन मी सकाळीच मैदानावर जायची. लिंबाखाली एक टेबल, त्यावर घोंगडी, आणि टेबलाशी ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत बसलेले भाऊ. स्कोअर लिहिणं त्यांचंच काम.

एका गुरुवारी दुसरा स्कोअरर आला नाही. भाऊंनी दुसरी वही माझ्यापुढे सरकवली.

"वहिनी, लिहा."

"अहो भाऊ, मी चौथी शिकलेली."

"टिंब काढता येतं ना? रन नाही तर टिंब. बाकीचं मी सांगतो."

तशी मी लिहायला लागले. टिंबापासून सुरुवात केली. आज हे चार शब्द मांडतेय, त्याची मुळं त्या टेबलाशी आहेत. एक वही चुकू शकते, दोन एकमेकींशी ताडून बघायच्या, असा भाऊंचा नियम होता. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, हे मी लपवत नाही.

दिगंबर आमच्या टीमचा कीपर. परभणीकडचा, प्रेसशॉपला कॉन्ट्रॅक्टवर. ग्लोव्हज कंपनीच्या किटमधले, बोटांशी फाटलेले, तो आतून चिकटपट्टी लावायचा. उजव्या हाताचं मधलं बोट बॉल लागून वाकडं झालेलं, त्यामुळे भात कालवताना ते बोट वेगळंच राहायचं. चाळीस ओव्हर हा पोरगा स्टंपामागे उठबस करायचा. बॉल टाकला की बसला, गेला की उठला, अडीचशे वेळा. शिवाय प्रत्येक थ्रोला स्टंपाकडे पळायचं ते वेगळं. मी एकदा भाऊंना म्हणाले, "मी एका बैठकीला दीडशे पोळ्या लाटते तर उठताना भिंत धरावी लागते. हा त्याच्यानंतर पॅड बांधून रन काढायला जातो." भाऊ हसले होते. ऐकून सोडून दिलं होतं.

बॅटिंगला तो सातव्या नंबरावर. म्हणजे कधी यायचा? तीन-चार ओव्हर राहिल्यावर, सगळे मारून किंवा मरून गेल्यावर. आल्या आल्या बॅट फिरवायची, लागला तर चौका, नाही तर परत. पॅड बांधून निघताना मला हमखास सांगायचा, "मावशी, माझा च्या वतून ठेवा, आलोच मी." सगळी टीम हसायची. कारण पुष्कळदा चहा गार व्हायच्या आत तो खरंच यायचा.

आमच्या कंपनीत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. कॉन्ट्रॅक्टचा पोरगा तीन वर्षं टीममध्ये टिकला की पर्मनंटच्या यादीत त्याचं नाव जायचं. बाकीच्यांना सात महिने झाले की ब्रेक, आणि ब्रेकनंतर बोलावतील की नाही ते देव जाणे. दिगंबरची दोन वर्षं झाली होती. तिसऱ्यासाठी टीम निवडायची वेळ आली. त्याच्या आईने गावाकडे मुलगी बघून ठेवली होती, आणि मुलीकडचे म्हणत होते, पर्मनंटचं पत्र दाखवा.

त्याच्या दोन-तीन महिने आधी ऑफिसात एक ट्रेनी इंजिनियर आला होता. गुरुवारच्या मॅचेसमध्ये तिसऱ्या नंबरावर चांगली बॅटिंग करायचा, आणि कॉलेजात थोडं कीपिंग केलं होतं म्हणाला. स्पोर्ट्सचं बघणारे साहेब खूश. कीपरच बॅट्समन असेल तर एक जागा वाचते, टीव्हीवरच्या वनडेत हल्ली तेच चालतं. त्यांनी चहाच्या सुट्टीत भाऊंना गाठलं. "भाऊ, सगळ्यांची अ‍ॅव्हरेजं एका कागदावर द्या. वाद नको. तुमचा आकडा म्हणजे आकडा."

भाऊंनी संध्याकाळी खानावळीत बसून कागद केला. माझी वही आणि त्यांची वही ताडून बघितली, एकही रन इकडचा तिकडे नव्हता. ट्रेनी साहेब एकतीस. दिगंबर चौदा. दशांशापर्यंत बरोबर. भाऊंनी खाली सही केली, आणि मला आठवतं, काम नेटकं झालं की त्यांच्या चेहऱ्यावर येतं ते समाधान तेव्हाही होतं.

दिगंबर टीममधून गेला. पुढच्या महिन्यात ब्रेक लागला आणि परत बोलावणं आलं नाही. जायच्या दिवशी तो डबा परत द्यायला आला. मी म्हणाले, "अरे, साहेबांशी बोल तरी." तर म्हणाला, "काय बोलू मावशी? भाऊंचा कागद हाय." चिडला नाही की रडला नाही. डबा घासून-पुसून आणला होता.

त्या वर्षी आमची टीम लवकर हरली. ट्रेनी साहेबांनी रन काढले, नाही असं नाही, पण कॅचेस सोडले, आणि दुसरी बॅटिंग असली की चाळीस ओव्हर वाकून तिसऱ्या नंबरावर यायचं त्यांना झेपेना. चौथ्या मॅचला म्हणाले, माझी कंबर धरली, मला खाली पाठवा. भाऊ टेबलाशी बसून ऐकत होते. हातातली पेन्सिल तशीच राहिली, पुढचा बॉल लिहायचा राहून गेला. मी माझ्या वहीतून त्यांना दाखवला. भाऊंचा बॉल चुकलेला मी तो पहिल्यांदाच बघितला.

दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी खानावळ रिकामी असताना, ते पाच-सहा वह्या काखोटीला मारून आले. बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वहिनी, मी माप भलतीकडून धरलं."

मला कळेना. मग त्यांनी वह्या उघडल्या. भाऊ सगळ्या कंपन्यांच्या मॅचेस लिहायचे, त्यामुळे सगळे सातव्या नंबरवाले त्यांच्या वहीत होते. त्यांनी आठ दिवस बसून एकेक वेचला होता. कितव्या ओव्हरला आला, किती विकेट गेल्या होत्या, किती रन हवे होते, आधी कीपिंग करून आला की ताज्या पायांनी. शेवटच्या चार ओव्हरला येऊन मारायचं, त्या जागेवर बाकीच्या सगळ्यांचं मिळून अ‍ॅव्हरेज आठ-नऊच्या पुढे जात नव्हतं. दिगंबर चौदा. आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळा चाळीस ओव्हर उठबस करून आलेला.

"तिसऱ्या नंबरवाल्याला नवा बॉल आणि पस्तीस ओव्हर. याला जुना बॉल आणि वीस चेंडू. मी दोघांना एकाच पट्टीने मोजलं," भाऊ म्हणाले. "आउट व्हायची भीती न धरणं हेच त्याचं काम होतं. तो टीमसाठी आउट व्हायचा, आणि मी ते त्याच्या नावावर लावत गेलो. कंपनीत तीस वर्षं लोकांना सांगतो, जॉब कुठल्या बाजूवर टेकवलाय ते आधी बघा, त्यावर सगळं माप. आणि माणूस आला तेव्हा बघितलं नाही."

"पण भाऊ, आकडा तर बरोबर होता."

"तेच तर," ते म्हणाले. "चुकीचा असता तर कुणीतरी पकडला असता."

सुट्टी संपल्यावर ते नवा कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी बसवलं, चहा पाजला. कॉन्ट्रॅक्टरच बदललाय, आता तो मुलगा आपल्या यादीत नाही, म्हणाले. वर हसून म्हणाले, "भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. गेम आहे." भाऊंनी चहा तसाच ठेवला.

दिगंबर गावाला गेलाच नव्हता. चाकणला एका गोडाऊनवर लोडिंगला लागला होता, म्हाळुंग्याला खोलीत सहा जणांत राहत होता. माझ्याकडच्या एका डबेवाल्या पोराकडून कळलं. एका गुरुवारी मी आणि भाऊ नाशिक फाट्यावरून चाकणच्या बसला बसलो. मोशीपासून ट्रकांच्या रांगेत दीड तास गेला, भाऊ सबंध वेळ पिशवी मांडीवर धरून बसलेले. गोडाऊनसमोरच्या टपरीवर दिगंबर आला. वाळला होता. मला बघून वाकला, भाऊंना बघून आणखी वाकला.

भाऊंनी काही प्रस्तावना केली नाही. वही उघडली, आठ काय, चौदा काय, सगळं सांगितलं. म्हणाले, "माझ्यामुळे तुझं गेलं. चूक माझी."

दिगंबर ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, तुमचा आकडा खोटा होता का?"

"नाही."

"मंग झालं की. खोटा असता तर भांडलो असतो. दुसऱ्या कुणाचा असता तरी भांडलो असतो. तुमचा होता, म्हणून म्हटलं, आपल्याला बॅटिंग येतच नसंल. उगंच इतके दिवस दुसऱ्याची जागा अडवली." आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. "घ्या की भाऊ. तुमी इतक्या लांब आलात तेच लई."

परतीच्या बसमध्ये भाऊ एवढंच म्हणाले, "वहिनी, त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. पोराला राग येत नाही. राग यायला आपलं काहीतरी होतं असं वाटावं लागतं." मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्याच सुमारास भाऊ रिटायर झाले, आणि त्यांनी एक काम धरलं. गुरुवारचं स्कोअरिंग सोडलं. हल्ली मोबाईलवर लिहितात, त्यांना कुणी अडवलंही नाही. ते दर गुरुवारी चाकणला जायला लागले. कधी मी बरोबर, कधी एकटे. दर वेळी दिगंबरची एकच इनिंग वाचायची. हा बॉल कुणी टाकला, फिल्डिंग कुठे होती, तू काय केलंस. पहिले काही गुरुवार तो नुसता मान हलवायचा. "सोडा ना भाऊ, कामून त्रास घेता?" म्हणायचा. टपरीवाला चेष्टा करायचा, "आले बघा पोथी वाचायला."

कुणाचा जीव गेला नव्हता, कुणी कुणाला लुबाडलं नव्हतं, मग एवढं काय, असं मलाही मधेमधे वाटे. रिटायर झालेला माणूस, गुडघे दुखतायत, बसमध्ये उभा राहून जातो. मी एकदा बोलले तसं. भाऊ म्हणाले, "वहिनी, रिजेक्ट म्हणून मी शिक्का मारलेला जॉब आहे तो. बरोबर आहे हे दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही. मलाच सांगायला पाहिजे, आणि त्याला पटेपर्यंत सांगायला पाहिजे."

हळूहळू दिगंबर मध्ये बोलायला लागला. भाऊ म्हणायचे, "इथे टिंब आहे." हा म्हणायचा, "त्यो टिंब न्हाई भाऊ, वाईड व्हता, अंपायरनी दिला न्हाई." एकदा भाऊंनी टीव्हीवरच्या कुठल्याशा वनडेतल्या कीपरबद्दल त्याला विचारलं, अठरा रन काढले, बरा का वाईट? दिगंबर चहा पिता पिता म्हणाला, "अठरा कशावर भाऊ? पाच गेले व्हते अन बॉल खाली बसत व्हता. तिथं अठरा म्हंजे पन्नास." भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मग तो गुरुवार आला. मी बरोबर होते. भाऊंनी शेवटची वही काढली. दुसऱ्या वर्षाची सेमीफायनल. तो आला तेव्हा पाच गेलेले, पाच ओव्हर, एकतीस हवे. दिगंबर आधी उन्हात चाळीस ओव्हर कीपिंग करून आलेला. त्याने अकरा काढले. वाचताना भाऊ मध्ये थांबले, कारण ते अकरा काढताना सात वेळा तो समोरच्याच्या रनासाठीही पळाला होता, आणि समोरून तीन गेल्यावर दहाव्या नंबरच्या पोराला शक्यतो स्ट्राइक दिला नव्हता. आणि आउट झाला तो शेवटून दुसऱ्या बॉलला, बरोबरीचा रन झाल्यावर चोरटा दुसरा काढताना, स्वतः रनआउट होऊन त्या पोराला वाचवताना. शेवटच्या बॉलला त्या पोराने एक रन काढला आणि आम्ही ती मॅच जिंकलो होतो. माझ्या वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे अकरा आणि रनआउट, एवढंच होतं. भाऊंच्याही.

दिगंबरचा ग्लास हातातच राहिला. "अकरा," तो म्हणाला. मग परत, "अकरा?" आणि एकदम उभा राहिला. बाकडं मागे पडलं.

"मंग तव्हा कामून न्हाई बोललात? ऑ? तुमी तिथंच बसले व्हते ना? डोळ्यानं बघत व्हते ना? माझ्या आयनं पोरगी बघून ठिवली व्हती. तिचं लगीन झालं, ठाव हाय का? माझी नौकरी व्हती ती! माझी! मी कमावलेली व्हती!"

टपरीवरचे सगळे बघायला लागले. त्याने ग्लास आपटला, तो फुटला. "अन मावशी, तुमी बी. तुमी बी लिहित व्हता." मी मान खाली घातली. भाऊ जागचे हलले नाहीत. हात जोडलेले नव्हते, तोंड फिरवलं नव्हतं. सरळ त्याच्याकडे बघत होते, एकेक शब्द घेत होते. "परत येऊ नका," दिगंबर म्हणाला, आणि गोडाऊनच्या दाराने आत निघून गेला.

फुटलेल्या ग्लासाचे तुकडे भाऊंनी स्वतः वेचले. बसमध्ये बसल्यावर मी बघितलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी म्हणाले, "भाऊ, पोराचं बोलणं मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "घेतलंय, वहिनी. सगळं घेतलंय. 'माझी होती' म्हणाला, ऐकलंत ना तुम्ही?" मोशी येईपर्यंत तेच दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा सांगितलं, ऐकलं.

ते परत चाकणला गेले नाहीत. त्याने येऊ नका म्हटलं होतं, ते त्यांनी पाळलं.

माघात भाऊ गेले. सकाळी आंघोळीला पाणी तापत ठेवलं होतं, तेवढ्यात. मुलगी नाशिकहून निघाली. मी दिगंबरला फोन केला, म्हटलं, सांगणं माझं काम, पुढचं त्याचं. त्याने ऐकून घेतलं. मग फोन ठेवला.

आम्ही भाऊंना बाहेर आणलं तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. गोडाऊनचा निळा शर्ट अंगावर, तसाच शिफ्टवरून आलेला. जवळ येईना. मीच गेले. म्हणाले, "दिगंबर, माणूस गेला रे. आता तरी राग सोड."

"न्हाई सोडत, मावशी," तो म्हणाला. शब्द पक्का होता. "न्हाई सोडणार."

मग पुढे आला, उजव्या बाजूचा पुढचा खांदा मागून घेतला. कासारवाडीपासून घाटापर्यंत माणसं वाटेत तीनदा खांदा बदलायला आली. त्याने कुणालाच दिला नाही.